सोनेरी कडेची पत्रिका

पान्चेवो, ४ सप्टेंबर १८८९

प्रिय मक्रिनाआत्या,

तुझ्या हातांना ओठ लावून लिहिते. तू पाठवलेला मध पोचला. बरणीचं झाकण सैल झाल्याने थोडा सांडला, पण माझ्याच पिशवीत सांडला, दुसऱ्या कुणाच्या नाही. तेव्हा गाडीवानाला बोलू नकोस.

काकांचं घर कसं आहे म्हणून तू विचारलंस. आत्या, हे घर नाही, छावणी आहे. सकाळी काका जेवणघरात येतात तेव्हा त्यांच्या मुली, वालेरिया आणि ओल्गा, खुर्च्यांशेजारी हात पुढे करून उभ्या असतात. काका दोघींची नखं तपासतात. मग "विश्राम!" म्हणतात आणि कॉफी ओतली जाते. खाली बँकेत तेच. परवा निरोप द्यायला मी गेले, तर एक गुरांचा व्यापारी टेबलासमोर टोपी काखेत धरून, हनुवटी वर करून ताठ उभा. त्याला कर्ज हवं होतं, आणि काकांनी त्याला "सावधान" म्हटलं होतं. काकांच्या डोक्यावर भिंतीला तलवार टांगलेली आहे. तिचा गोंडा रोज झटकायचं काम कारकुनाकडे आहे, म्हणून तो दिवसभर खोकतो.

अर्थात हेही लिहायला हवं की काकांनी मला थंडीचे बूट घेऊन दिले आणि ते माझ्याशी कधी आवाज चढवून बोलत नाहीत. नाहीतर माझं हसणं अन्यायाचं ठरेल.

आता दोन कामाच्या गोष्टी. संत लुकाच्या दिवशी हे घर पहिल्यांदा आपल्या घराण्याचा सण, स्लावा, करणार आहे. प्रोता, म्हणजे इथले मुख्य धर्मगुरू, येणार. न्यायाधीश येणार, गिरणीवाले येणार. काकांना चर्चच्या मंडळाचं अध्यक्ष व्हायचं आहे. जेवणाआधी मी सर्वांसमोर 'कॅप्टन अवाकुम स्र्दानोव: सैनिक आणि बँकर' हे त्यांचं चरित्र वाचायचं आहे. ते येरझाऱ्या घालत सांगतात, मी लिहिते. इटलीतल्या नदीपर्यंत आलो आहोत. तिथे त्यांनी पलटणीचा झेंडा दातांत धरून नदी पार केली.

मी विचारलं, "काका, दातांत का? हात कुठे होते?"

"हातात तलवार होती."

"दोन्ही हातांत?"

"पेर्सिदा, लिही."

मी लिहिलं. पण बाबांनी मला घरी शिकवताना पहिलंच सांगितलं होतं की कागदावर काही उतरवण्याआधी दोघांना विचारावं. म्हणून तुला विचारते.

दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते. काकांना आपली संत लुकाची प्रतिमा हवी आहे. ते म्हणतात, घराण्यातला थोरला मुलगा मी, संत माझ्याकडेच शोभतो. मला विचारायला सांगितलं, मी विचारलं.

तुझी,
पेर्सिदा

ता. क. संताच्या पायाशी जो बैल आहे, तो धुराने काळा झालाय. तो काळेपणा साबणाने निघेल का, असं हेर्मिनाकाकू विचारतात.


सुवी ब्रेस्त, ११ सप्टेंबर

पेर्सा बाळ,

बैलाला साबण नको. तो साबण तुझ्या काकाच्या दातांना लाव म्हणावं, झेंडा धरून मळले असतील.

रविवारी प्रार्थनेनंतर सोफ्रोनियेला गाठलं. शेजारचा आपला म्हातारा सोफ्रोनिये तुझ्या काकाच्याच तुकडीत नाईक होता, हे तुला माहीत आहे. झेंड्याचं सांगितलं तर तो इतका हसला की चिलीम खाली ठेवावी लागली.

"झेंडा पुलावरून गेला, मक्रिनाबाई. गाडीत. कोरडा ठणठणीत. नदीतून आम्ही गेलो."

"आणि अवाकुम?"

"तो माझ्या पाठीवर. त्याला पोहता कुठे येतं! माझे दोन्ही कान मुठीत धरले होते. डाव्याने अजून नीट ऐकू येत नाही मला."

मग चिलीम उचलून म्हणाला, "पण हे लिहून नका पाठवू. पोरगा घाबरला होता. मीही घाबरलो होतो म्हणा, पण पाठीवर तो होता, मला घाबरायला सवड नव्हती."

मी लिहून पाठवतेय. सोफ्रोनियेला सभ्यपणा परवडतो, मला नाही. आणि हनुवटीवरचा तो वार, जो तो शहरात सगळ्यांना दाखवत फिरतो, तो आपल्या विहिरीच्या बादलीने केलाय. मी रहाट फिरवत होते आणि तो आत डोकावत होता. शत्रू मीच.

आता त्याच्या बँकेचं. सरहद्दीच्या पलटणी मोडल्या, व्हिएन्नाच्या बादशहाला आमची गरज उरली नाही, तेव्हा सगळ्यांनी बंदुका टांगल्या आणि नांगर धरला. याने तलवार टांगली आणि तिच्याखाली टेबल मांडलं. लोक आले. आपल्या लोकांना वाटतं, माणूस सरळ उभा राहतो म्हणजे तो सरळ आहे.

प्रतिमा मिळणार नाही. कमरेला अधिकाऱ्याचा पट्टा आला तेव्हा यानेच तुझ्या बाबांना लिहिलं होतं, "संतबिंत आता तूच सांभाळ, इग्न्यात, माझ्या हुद्द्याला ते शोभत नाही." इग्न्यातने सांभाळला. तो गेल्यापासून मी बाईमाणूस मेणबत्ती लावते, आणि सणाचा पाव फिरवायला दुसरे हात लागतात म्हणून सोफ्रोनिये समोर उभा राहतो. जिथे दिव्यात खंड पडलेला नाही तिथे संत राहतो. ती प्रतिमा गेली तर मी काय खिळ्यापुढे मेणबत्ती लावू?

आणि तू त्याचे निरोप कशाला वाहतेस?

आत्या


पान्चेवो, १६ सप्टेंबर

आदरणीय भगिनी मक्रिना,

तुझं उत्तर पुतणीने मला वाचून दाखवलं नाही. परंतु ते मी तिच्या चेहऱ्यावरून वाचलं. रणांगणावर काढलेली वर्षं वाया जात नाहीत.

भावनेच्या गोष्टी बाजूला ठेवू. सुवी ब्रेस्तमध्ये मुलींची नवी शाळा उघडते आहे. तिला मी लोखंडी शेगडी देत आहे आणि शिक्षिकेचं पद माझ्या हातात आहे. पेर्सिदा तिथे शिक्षिका झाली तर वडिलांच्या घरात राहील आणि तुझ्या म्हातारपणाला सोबत होईल. हे मी तिला ऑगस्टमध्येच सांगितलं आहे. प्रतिमा सणाआधी इथे पोचली की नेमणुकीचं पत्र त्याच दिवशी निघेल. न पोचल्यास पेर्सिदा इथेच राहील. वालेरिया आणि ओल्गाच्या वेण्या घालायला, फ्रेंच धडे घ्यायला हेर्मिनाला कुणीतरी लागतंच, आणि त्यांच्यानंतर धाकटा आहे.

निर्णय तुझा. मी कधीच कुणावर सक्ती केलेली नाही.

कॅप्टन अ. स्र्दानोव, संचालक


सुवी ब्रेस्त, २१ सप्टेंबर

पेर्सिदा,

तर असं आहे. ऑगस्टपासून तुला माहीत होतं. मध सांडल्याचं लिहितेस, कारकुनाचा खोकला लिहितेस, आणि संताच्या बदल्यात तुला नोकरी मिळणार हे लिहायला शाई पुरली नाही.

तू माझ्याशी सौदा करत होतीस आणि मला कळू दिलं नाहीस. बँकेत राहून लवकर शिकलीस.

मक्रिना


पान्चेवो, १ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हापासून मी रोज उत्तर लिहिते आणि फाडते. प्रत्येक उत्तरात मी जरा जास्तच चांगली दिसत होते.

मी लपवलं, हे खरं. कारण लिहिलं असतं तर तू प्रतिमा दिली असतीस. तू शिव्या घातल्या असत्यास आणि दिली असतीस. मला घरी यायचं आहे, आत्या. इथे माझी खोली जिन्याखाली आहे, मुलींच्या दृष्टीने मी दासीच आहे आणि मी शिकवलेलं कुणाला काही लागत नाही. ती शाळा मला इतकी हवी आहे की रात्री मी मनात मुलींना बाकांवर बसवते. म्हणूनच मला ते लिहिता येईना. काकांनी विचारायला सांगितलं होतं, ते मी विचारलं. तू नाही म्हणालीस. बरं वाटलं मला. प्रतिमा पाठवू नकोस.

इथली गंमत सांगते, म्हणजे तुझा राग थोडा तिकडे वळेल.

काकूंनी सणाच्या पत्रिका छापून आणल्या आहेत. हो, स्लावाच्या! व्हिएन्नाहून, जाड कागद, सोनेरी कड. "कॅप्टन व श्रीमती स्र्दानोव आपणांस सन्मानपूर्वक आमंत्रित करीत आहेत." मला वाटलं, त्यांना माहीत नसेल. मी म्हटलं, "काकू, स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. दार उघडं ठेवायचं, ज्याला आठवण असेल तो येतो. बोलावलं तर तो सण राहत नाही, मेजवानी होते. लोकांना अपमान वाटेल."

काकू म्हणाल्या, "अगं, मग वाटेल तो येईल की."

"हो, काकू. तसंच असतं."

"चिखलाचे बूट घालून?"

"प्रोतासुद्धा चिखलाचेच बूट घालून येतो, काकू. इथला रस्ता सगळ्यांना एकच आहे."

मग काकांकडे गेले. ज्या माणसाने आपल्या घरात बालपणी बारा वेळा तरी उघडं दार पाहिलं असेल, तो काय म्हणाला ते ऐक. "गावात दार उघडं ठेवतात कारण चोरण्यासारखं काही नसतं." आणि दारात पत्रिका तपासायला एक पहारेकरी भाड्याने घेतला आहे. तो मॅज्यार, म्हणजे हंगेरियन आहे, आपली भाषा त्याला येत नाही. काका म्हणाले, ते उत्तमच, म्हणजे त्याच्याशी कुणी हुज्जत घालणार नाही.

शिवाय यंदा लुकाचा दिवस बुधवारी येतो. बुधवारी उपास, तेल आणि मासा, एवढंच. मी पंचांग दाखवलं. हंसाच्या काळजाची मागणी बुडापेस्टला गेली आहे, ती आता फिरवता येत नाही म्हणे.

चरित्रात मी झेंडा पुलावरून नेला आहे. काकांनी अजून शेवटचं वाचलेलं नाही.

माझ्यावर रागावलेली राहा, पण बोल.

पेर्सिदा


सुवी ब्रेस्त, २० ऑक्टोबर

पेर्सिदा,

तुला उत्तर दिलं नाही कारण उत्तर घेऊन मी स्वतःच आले होते.

बुधवारी सकाळी लुकाला भिंतीवरून उतरवला. तुझ्या बाबांच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळला. उकडलेले गहू भांड्यात भरले, पाव फडक्यात बांधला. सोफ्रोनियेने गाडी जुंपली. तो म्हणाला, "मक्रिनाबाई, नक्की?" मी म्हटलं, "पोरीला घरी यायचं आहे. लुका तिथेही लुकाच राहील. माझ्याकडे खिळा आहे." सोफ्रोनियेने पलटणीतला जुना कोट घातला होता, बटणं घासून. अवाकुमला बरं वाटेल म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा तुमच्या दारात दिवे लागले होते. त्या पहारेकऱ्याने हात पुढे केला. मला वाटलं हात मिळवतोय, म्हणून मिळवला. त्याने झटकला आणि बोटांनी चौकोन काढून दाखवला. पत्रिका! मी कोट उघडून त्याला संत दाखवला. तो हसला, मागच्या बाजूला बोट दाखवलं. सोफ्रोनियेने सलाम ठोकला आणि जर्मनमध्ये सांगितलं की आम्ही कॅप्टनच्या घरचे. पहारेकऱ्याने त्याच्या छातीला तळवा लावून त्याला पायरीवरून खाली ढकललं. ज्या पाठीवरून तुझा काका नदीपार गेला, ती पाठ तुमच्या कुंपणाला आपटली.

मी वर पाहिलं. खिडकीत तू होतीस. तुझी वेणी मी ओळखते. तू पडदा सोडलास.

आम्ही परतलो. रस्ताभर सोफ्रोनिये एकच म्हणत होता, "पोराला कळलं नसेल."

घरी आलो तर खिडक्यांत उजेड. मला वाटलं चोर. आत सगळं गाव बसलं होतं. दार उघडंच टाकून गेले होते मी, सणाच्या दिवशी दुसरं काय करणार? लोक आले, घरात कोणी नाही पाहून बसून राहिले. कुणी घेवड्याचं मडकं आणलं, कुणी मासा, कुणी आलुबुखाराची दारू. ग्लिशा माझ्या खुर्चीत बसून मलाच म्हणाला, "या या, मक्रिनाबाई, उशीर केलात, पण बसा." लुकाला खिळ्यावर चढवला, मेणबत्ती लावली, पाव फिरवला.

तुझ्यासाठी मी जे करू शकत होते ते केलं. तू पडदा सोडलास, मीही सोडते.

मक्रिना


पान्चेवो, २३ ऑक्टोबर

आत्या,

खिडकीत वालेरिया होती. काकूंनी दोघी मुलींच्या वेण्या माझ्याच पद्धतीने घालायला लावल्या होत्या, कारण ती पद्धत 'लोकांची' दिसते म्हणे. मी आत होते. तू विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस. मी जे पाहिलं तेवढंच लिहिते.

दिवाणखान्यात टेबलं लावली होती आणि त्यांवर मुख्यतः काटेचमचे होते. पत्रिका ज्यांना गेल्या त्यांतले बहुतेक आले नाहीत. न्यायाधीशांनी पत्रिकेमागे "मला वाटलं होतं, सण आहे" एवढंच लिहून ती परत पाठवली. ज्यांना गेल्या नाहीत ते तर येणारच नव्हते. प्रोता आले, दोन गिरणीवाले आले, काकूंचे तेमिश्वारचे भाऊ आले. प्रोतांपुढे हंसाचं काळीज ठेवलं. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग पंचांग पाहावं तसं छताकडे पाहिलं, आणि कोरडा पाव खाल्ला. भिंतीवर लुका म्हणून एक छापील चित्र टांगलं होतं. प्रोता चष्मा लावून म्हणाले, "कॅप्टनसाहेब, हा सिंह आहे, बैल नव्हे. हा संत मार्को." काका म्हणाले, "बैल काढतानाच चुकलाय." कुणी हसलं नाही, म्हणजे सगळे आतून हसले.

तेवढ्यात पहारेकऱ्याने आत येऊन काकांच्या कानात काही सांगितलं. काका मोठ्याने म्हणाले, "गावाकडची कुणी फेरीवाली होती, गाठोडं घेऊन. मागच्या दाराला पाठवली." मग मला म्हणाले, "पेर्सिदा, सुरू कर."

मी कागद घेऊन उभी राहिले. उभी राहिल्यावर समोरची खिडकी दिसते. कुंपणापाशी सोफ्रोनियेची गाडी वळत होती. मागच्या फळीवर बाबांचा कोट होता, काहीतरी चौकोनी गुंडाळलेला. कोपरावरचं ते ठिगळ मीच लावलं आहे, आत्या, मी ते अंधारातही ओळखेन.

मला धावायला हवं होतं. मी आधी बोलले. ही माझी चूक. बोलण्यात गाडी निघून गेली.

मी म्हटलं, "या घराचा संत आत्ता दाराशी आला होता. त्याच्याकडे पत्रिका नव्हती म्हणून त्याला घालवून दिलं. बरोबर कॅप्टनची बहीण होती, आणि ज्याने कॅप्टनना पाठीवर घेऊन नदी पार केली तो नाईक सोफ्रोनिये होता. झेंडा पुलावरून गेला. हे मी लिहिलंही आहे, हवं तर वाचते."

काका ओरडले, "सावधान!" आत्या, खरं सांगते, तेमिश्वारचे दोघे भाऊ उठून उभे राहिले. मी खाली बसले.

प्रोतांनी उरलेला पाव रुमालात बांधला आणि म्हणाले, "कॅप्टनसाहेब, मी निघतो. सुवी ब्रेस्त लांब आहे नाहीतर तिकडे गेलो असतो."

मी रस्त्याच्या वळणापर्यंत धावले. तुम्ही दिसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला टेबलासमोर बोलावलं. तलवारीखाली. ते म्हणाले, शाळेचं पद दुसऱ्या कुणाला देणार, आणि मी तीन आठवड्यांत इथून जावं. कुठे, ते मीच पाहावं. मी हात सैल सोडून उभी राहिले. जाताना ते म्हणाले, "सोफ्रोनियेला लागलं तर नाही ना?" एवढं लिहिणं मला भाग आहे, कारण ते त्यांनी विचारलं. मग लगेच म्हणाले, "नखं बघ तुझी. शाई."

प्रतिमा घरी आहे हे वाचून मी रडले, दुःखाने नाही. मला शाळा नाही, आणि तुझं घरही मी स्वतःच्या हाताने बंद केलं. माझं कुठे चुकलं ते मी रोज तपासते. तू माफ करावंस असं लिहीत नाही, ती मागणी होईल.

पेर्सिदा


सुवी ब्रेस्त, ३० ऑक्टोबर

पेर्सा,

कुठे चुकलं ते तपासणं बंद कर. वालेरियाची वेणी ओळखली नाही, ती मी. म्हातारीने रागाच्या भरात अंधारात वर पाहिलं की असंच होतं.

तुझं पत्र सोफ्रोनियेला वाचून दाखवलं. 'लागलं तर नाही ना' इथे तो मला थांबवून म्हणाला, "बघा, विचारलं त्याने." या माणसाचं काय करायचं?

मग मी फादर वासाकडे गेले. म्हटलं, अवाकुम शिक्षिकेचं पद दुसऱ्या कुणाला देतोय, त्याला थांबवता येईल का? फादर टोपी काढून डोकं खाजवत माझ्याकडे बघत बसले. "कुठलं पद? शेगडी देणारा शेगडीचा मालक. शिक्षिका गाव निवडतं, मक्रिनाबाई. आपल्या शाळांत असंच असतं. तुम्हाला कोणी सांगितलं की कॅप्टन निवडतो?"

कोणी सांगितलं? कॅप्टनने. आणि मी लुकाला कोटात गुंडाळून दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली. लोक फसतात म्हणून मी हसत होते. तो पत्रातसुद्धा ताठ उभा राहतो, आणि मीही टोपी काखेत धरली.

रविवारी प्रार्थनेनंतर देवळाच्या आवारात तुझं नाव पुढे आलं आणि सगळ्यांनी हात वर केले. ग्लिशा विरोधात होता, तो नेहमीच विरोधात असतो. मग त्याच्या तीन मुलींनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने अर्धा हात वर केला. पगार गहू आणि लाकूड. अवाकुमने शेगडी परत घेतली आहे, तेव्हा थंडीत मुलींनी काटक्या आणायच्या आणि तू त्यांना भोवती बसवायचं.

शनिवारी सोफ्रोनिये तिकडे बाजाराला येतो, गाडी नदीच्या घाटाजवळ उभी असते. मी तुला बोलावत नाहीये. दार उघडं आहे.

आत्या